तीन वर्षांच्या घोडीला दुखापतीनंतर पुन्हा कामाला केव्हा लावावे?

मुठाखोरे

नमस्कार. माझी पागा पौडच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून थोडी आत आहे. पागा म्हणण्यापुरते दोन खण आणि कुंपण घातलेले एक आवार, इतकाच तिचा विस्तार. गेल्या दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून मी एक काठेवाडी घोडी घेतली. विकणाऱ्याने ती चार वर्षांची असल्याचे सांगितले आणि मीही दात न पाहता मान डोलावली. फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिचे तोंड उघडून दाखवले, तेव्हा पुढच्या दातांपैकी फक्त मधली जोडी पक्की होती आणि शेजारचे दात अजून दुधाचेच होते. म्हणजे घेतली तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची असावी, आणि मी तिला चार वर्षांची समजून डांबरी रस्त्यावर दुडकी चालवीत होतो व दोरीवर रोज गोल फिरवीत होतो.

त्याचा परिणाम फेब्रुवारीच्या मध्यास दिसला. पुढच्या डाव्या पायाला, गुडघ्याच्या चार बोटे खाली, नळीच्या आतल्या बाजूस गरम गाठ आली. दाबले की घोडी पाय ओढून घेई आणि दुडकीत स्पष्ट लंगडे. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले नव्हते. डॉक्टरांनी स्प्लिंटचे, म्हणजे नळीलगतच्या बारीक हाडाच्या जोडाशी आलेल्या सुजेचे, निदान केले, सहा आठवडे विश्रांती सांगितली आणि सुरुवातीला गार पाण्याची धार धरायला सांगितली. आज तेरा आठवडे झाले आहेत. गाठ सुपारीएवढी उरली आहे, टणक आहे आणि हाताला गार लागते. आवारात सोडली की घोडी स्वतःहून उधळते, आणि मागच्या आठवड्यात तिची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराच्या खांद्याला तिने चावाही घेतला.

आता प्रत्येकाचे म्हणणे वेगळे आहे. डॉक्टर म्हणतात, ‘हळूहळू सुरू करा’. पण हळूहळू म्हणजे किती, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. मोतद्दार मामा म्हणतात, दसऱ्यापर्यंत हात लावू नका. घोडी शिकवायला येणारे गृहस्थ म्हणतात की आणखी महिनाभर उभी राहिली तर ती कायमची बिघडेल. त्यातच गावातले एक स्नेही ज्येष्ठातल्या वरातीसाठी तिला मागत आहेत. पाऊस दोन आठवड्यांवर आला आहे, आणि आमच्याकडे तो पुण्यासारखा रिमझिम नसतो. निर्णय कशावरून घ्यावा, हे मला समजून घ्यायचे आहे. माझे वजन ८२ किलो आहे. हेही सांगून ठेवतो, कारण कोणीतरी विचारीलच.

रिकीब

वरातीला नाही म्हणून सांगा, आणि ते आजच सांगा, म्हणजे उरलेला विचार शांतपणे करता येईल. डांबरावर, बँडच्या आवाजात, जागच्या जागी नाचणे हे या पायाला सर्वांत वाईट काम आहे. त्यात पाय वळतो, आपटतो आणि घोडीला थांबण्याची मुभा नसते.

मी काही वर्षे कॅम्पातल्या रेसकोर्सवर पहाटेच्या सरावात घोडे चालवले आहेत. तिथे मला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट अशी की घोडा लंगडत नाही आणि घोडा तयार आहे, ही दोन वेगवेगळी वाक्ये आहेत. विश्रांतीनंतर छाती आणि स्नायू लवकर पूर्वपदावर येतात, त्यामुळे घोडा दोन आठवड्यांतच जोमदार दिसू लागतो. मात्र हाड, कंडरा आणि अस्थिबंध कित्येक महिने मागे असतात. आपली घोडी चावते आणि उधळते, त्यावरून तिचे पोट भरलेले आहे आणि तिला कंटाळा आला आहे एवढेच समजते. पायाबद्दल त्यावरून काहीही कळत नाही.

पायाबद्दल पायालाच विचारावे लागते. घोडीचा पाय उचलून, त्यावर वजन नसताना, नळीच्या आतल्या कडेने अंगठा गुडघ्यापासून खालपर्यंत सावकाश दाबत न्यावा आणि लगेच उजव्या पायावर तसेच करावे. दोन्हीकडे घोडीचा चेहरा सारखाच राहिला पाहिजे. कान मागे जाणे, ओठ आवळणे, खांद्याची कातडी थरथरणे, यांपैकी काहीही फक्त डाव्या पायाला झाले तर अजून वेळ आहे. त्यानंतर सपाट, घट्ट मुरमाच्या रस्त्यावर कोणाला तरी तिला सरळ दुडकी पळवायला सांगा, दोरी सैल ठेवायला सांगा आणि आपण समोर उभे राहा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मोबाइलवर चित्रीकरण करून ते संथ गतीने पाहिले तर डोळ्याला न दिसलेली मानेची हालचाल दिसते. शेवटी तिला हातात धरून डावीकडे मोठे वर्तुळ घ्यायला लावा. आतल्या बाजूची स्प्लिंट सरळ चालीत लपते आणि दुखरा पाय वर्तुळाच्या आत आला की बोलू लागते.

या सगळ्यांत ती स्वच्छ उतरली तरी खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. खणातून बाहेर पडतानाची पहिली दहा पावले रोज पाहा. रात्रभर उभे राहिल्यानंतर पाऊल आखूड पडत असेल, किंवा गाठ कालच्यापेक्षा कोमट लागत असेल, तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले, मग ते करताना घोडी कितीही खुशीत असो. मी यासाठी शंभर पानी वही ठेवत असे. तारीख, किती मिनिटे, कोणती जमीन, आणि दुसऱ्या सकाळी पाय कसा होता, एवढीच नोंद. पण महिन्याभराने तीच वही मोतद्दार, शिक्षक आणि मालक या तिघांचाही वाद मिटवते.

भीमाकाठ

मामांचे म्हणणे मला पटते, म्हणून मी त्यांच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे तीन पिढ्या दख्खनी जातीची, म्हणजे ज्यांना आता भीमथडी म्हणतात, ती जनावरे आहेत. धनगरांच्या वाड्याबरोबर हिंडणाऱ्या घोड्यांत पायाचे असे दुखणे मी फार थोडे पाहिले. शिंगरू जन्मल्यापासून आईच्या मागे रोज काही कोस चालते, पाठीवर वजन बरेच उशिरा येते आणि गोल फिरवण्याचा प्रकारच नसतो. शहरातून घोडा घेणाऱ्यांचे याच्या अगदी उलट होते: बावीस तास खणात, आणि उरलेल्या वेळात तासभर घाम निघेपर्यंत दोरीवर चक्कर.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. बरीच वर्षे झाली. एका मारवाडी घोडीला असाच आजार होता, आठ आठवड्यांनी ती ठणठणीत दिसली आणि लग्नसराईत चार पैसे मिळतील म्हणून मी तिला बाहेर काढले. तिसऱ्या वरातीत, ऐन चौकात, नवरदेव पाठीवर असताना ती थांबली आणि पुढचा पाय जमिनीला टेकवीना. लोक तिच्यापुढे फटाके लावत होते. तिला टेम्पोतून घरी आणावे लागले, आणि त्यानंतर जे दहा महिने गेले ते या दोन महिन्यांच्या घाईचे व्याज होते.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. उन्हाळ्यातली जमीन दगडासारखी असते, म्हणून पहिल्या पावसानंतर माती मऊ झाली की घोडे काढावेत असे सगळ्यांना वाटते. पुण्यातल्या शर्यतींचा हंगामही पावसाळ्यातच असतो, पण तिथे निगा राखलेली हिरवळ आहे. आपल्या काळ्या जमिनीत आषाढात पाऊल टाकले की घोटा बुडतो आणि पाय उपसताना सगळा ताण कंडरांवर येतो. एक दुखणे बरे करताना दुसरे ओढवून घेण्याची ती वाट आहे. शिवाय ओल्या खणात खुराचा तळवा मऊ पडतो व कुजतो. नालबंदाला पाऊस सुरू होण्यापूर्वीच बोलवा. म्हणून माझे मत असे की घोडीला दसऱ्यापर्यंत मोकळे ठेवावे, तोपर्यंत तिचे वयही वाढेल.

गोठा ते तबेला

मी पशुवैद्य आहे, पण घोडी मी पाहिलेली नाही. त्यामुळे पुढचे लेखन आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्यापुरतेच घ्यावे.

नळीच्या मुख्य हाडाच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक बारीक हाड असते. कोवळ्या घोड्यात ही हाडे मुख्य हाडाशी अस्थिबंधाने जोडलेली असतात, आणि वयानुसार तो जोड बहुधा कठीण होत जातो. आतल्या बारीक हाडावर गुडघ्याचा भार अधिक थेट येतो, म्हणून कठीण जमिनीवरची दुडकी आणि लहान वर्तुळे यांमुळे तो अस्थिबंध ताणला जातो, तिथे सूज येते आणि शरीर नवे हाड घालून जागा बुजवते. आपल्याला दिसणारी सुपारी म्हणजे तेच नवे हाड. ती कदाचित कायम राहील. गार, टणक आणि न दुखणारी असेल तर केवळ दिसण्याचा दोष समजावा. मात्र गाठ मागच्या बाजूला वाढून सस्पेन्सरी अस्थिबंधाला, म्हणजे नळीच्या मागून जाऊन घोट्याला आधार देणाऱ्या बंधाला, घासत असेल, तर बाहेरून सगळे शांत वाटूनही कामाला लावल्यावर त्रास उलटतो. म्हणून पाठीवर वजन ठेवण्यापूर्वी एकदा पुन्हा एक्स-रे काढावा आणि मागच्या बाजूची सोनोग्राफी करता आल्यास करावी. तपासणीला होणारा खर्च पुन्हा तीन महिने घोडी उभी ठेवण्याच्या खर्चापेक्षा कमीच असतो.

‘दसऱ्यापर्यंत मोकळे ठेवा’ या सल्ल्यात ‘मोकळे’ या शब्दाचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. भीमाकाठ यांची जनावरे मोकळी असतात तेव्हा ती मैलोन्‌मैल चालतात. आपली घोडी मोकळी असते तेव्हा ती एका आवारात उभी असते, आणि अधूनमधून उधळते. हाड वापराप्रमाणे घडते. भार कमी झाला की शरीर ते विरळ करू लागते. भार पुन्हा आला की जुने हाड आधी काढले जाते व नवे नंतर भरले जाते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला मात्र महिने लागतात, आणि या दोहोंमधल्या काळात हाड सर्वांत कमकुवत असते. कॅलिफोर्नियातील शर्यतीच्या घोड्यांवरील १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ वेगवान सरावापासून दूर राहून परतलेल्या घोड्यांत ह्युमरस, म्हणजे खांद्याखालचे हाड, पूर्ण मोडण्याचा धोका वाढतो. ते घोडे वेगाचे होते आणि आपली घोडी तशी नाही. तरी लांबलेली विश्रांती आपोआप सुरक्षित ठरत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

म्हणून माझे उत्तर दोन्ही बाजूंना थोडे नाराज करणारे आहे. चाल आजपासून, आणि काम मात्र बरेच उशिरा. पाय दाबून व पळवून पाहिल्यावर स्वच्छ असेल तर हाताने धरून, मुरमाच्या रस्त्यावर, सरळ, रोज वीस मिनिटे नुसती चाल सुरू करावी आणि तीन-चार आठवड्यांत ती पाऊण तासापर्यंत न्यावी. चालीने डांबरावरून नेण्यासही हरकत नाही. त्रास दुडकीच्या आपटण्याचा आणि वळणाचा आहे. त्यानंतर चालीच्या मध्ये मिनिटभराची सरळ दुडकी, एकदा, मग दोनदा. ज्या आठवड्यात वेळ वाढवली त्या आठवड्यात वेग वाढवू नये, आणि वजन वाढवले त्या आठवड्यात दोन्ही वाढवू नयेत. वर्तुळे सर्वांत शेवटी.

वजनाबद्दल आपण आधीच कबुली दिली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आपली घोडी साधारण ३४० किलोची धरली तर स्वार आणि खोगीर मिळून तिच्या वजनाच्या एक पंचमांश, म्हणजे ६८ किलो, ही निरोगी व पूर्ण वाढलेल्या घोडीसाठी वरची मर्यादा मानावी. आपण खोगिरासह ९० किलोच्या घरात जाल. या घोडीवर पहिले दोन-तीन महिने घरातल्या हलक्या माणसाने बसावे. पाठीच्या मणक्यांतील वाढीच्या पट्ट्या पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत पूर्ण बंद होत नाहीत, याचाही विचार करावा.

एक गोष्ट कोणी विचारली नाही: तिला खायला काय देता?

मुठाखोरे

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वरातीला नकार कळवला. स्नेही दोन दिवस बोलले नाहीत, आता बोलू लागले आहेत.

खाण्यात ज्वारीचा कडबा, दोन वेळचा मिळून अडीच किलो गव्हाचा कोंडा, एक किलो भिजवलेले हरभरे आणि थोडा गूळ, असे चालू आहे. विश्रांतीच्या काळातही हेच दिले, कारण आजारी जनावराला ताकद यावी असे वाटले. आता बरगडी हाताला लागत नाही.

गोठा ते तबेला

मला हीच शंका होती. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या जवळजवळ दहा पट फॉस्फरस असतो. वाढत्या घोड्याच्या एकूण आहारात हे प्रमाण उलट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट, असायला हवे. रोज अडीच किलो कोंडा आणि सोबत कॅल्शियम पुरवणारे काहीच नाही, असे चालू राहिले तर शरीर ती तूट हाडांतून कॅल्शियम काढून भरून काढते. जे हाड आपण सांधायला निघालो आहोत त्याच्यातूनच. कोंडा दहा-बारा दिवसांत कमी करत मूठभरावर आणावा आणि लसूणघास सुरू करावा. त्यात कॅल्शियम भरपूर असते आणि हडपसर-लोणीच्या बाजूला तो सहज मिळतो. हरभरे निम्म्यावर आणा आणि गूळ थांबवा. काम नसताना पूर्ण खुराक आणि मग अचानक काम, या जोडीने कंबरेचे स्नायू आखडून घोडा जागीच खिळतो व लघवी तांबडी होते. तसे दिसले तर तिला एक पाऊलही चालवू नका, तिथेच डॉक्टरांना बोलवा. मुख्य म्हणजे, तिचे अंगावरचे जादा वजनही त्या पायावर चोवीस तास बसलेला स्वारच आहे.

भीमाकाठ

डॉक्टरसाहेबांचा मुद्दा मान्य. मोकळे आणि उभे यांतला फरक मी लिहायला हवा होता. माउलींच्या पालखीसाठी शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी अंकलीहून पायी चालत आळंदीला येतात. रिंगणात ते धावताना सगळे पाहतात, पण त्याआधी कित्येक दिवस ते नुसते चाललेले असतात, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. पावसात मुरमाचा रस्ता मिळेल तोवर चालवा. ज्या दिवशी चिखल असेल त्या दिवशी डांबरावर चाल, दुडकी मुळीच नाही. दसऱ्याचा माझा आग्रह स्वारीपुरता मात्र कायम आहे.

रिकीब

एक किरकोळ भर घालते. घोडीचे मधल्या जोडीशेजारचे दुधाचे दात साधारण साडेतीन वर्षांच्या सुमारास पडतात, म्हणजे ते नेमके याच पावसाळ्यात हलतील, आणि दाढांवरच्या दुधाच्या टोप्याही या वयात सुटत असतात. त्या दिवसांत तोंडात लगाम घातला तर ती डोके झटकते आणि लोक त्याला हट्टीपणा म्हणतात. सध्या म्होरकीवरच चालवा. मोतद्दाराला चावली त्याचे कारणही कदाचित तिच्या हिरड्यांत सापडेल.

मुठाखोरे

तीन दिवसांनी लिहीत आहे. पाय दाबून पाहिला, दोन्हीकडे चेहरा सारखा. मुरमावर सरळ दुडकीही स्वच्छ वाटली आणि मी मनातल्या मनात खोगीर काढून पुसायला घेतले होते. मग डावीकडचे वर्तुळ घेतले. उभ्या डोळ्यांना काही दिसले नाही, पण पुतणीने केलेले चित्रीकरण संथ करून पाहिल्यावर डावा पाय टेकताना डोके किंचित वर जाताना दिसले, प्रत्येक वेळी, तेवढेच. मामांना दाखवले. ते चष्मा लावून चार वेळा पाहत राहिले आणि म्हणाले, ‘हे मला खांद्यात दिसत होतं, पण सांगता येत नव्हतं.’

डॉक्टरांना चित्रफीत पाठवली. त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा एक्स-रे काढायचे ठरवले आहे, तोवर फक्त सरळ चाल, वीस मिनिटे. दुडकीचा विचार एक्स-रेनंतर. नालबंद रविवारी येतो आहे. कोंडा आज निम्म्यावर आणला, त्यावर घोडीने रिकाम्या घमेल्याला लाथ मारून आपले मत नोंदवले. वही आणली आहे. पहिल्या पानावर आजची तारीख, वीस मिनिटे, मुरूम, आणि शेवटचा रकाना उद्या सकाळसाठी मोकळा सोडला आहे.